लग्नाच्या नोंदवहीत न मावलेला पेशा

१९५७ साली ॲम्स्टरडॅममध्ये एका तरुणाचे लग्न झाले. नेदरलँड्सच्या पद्धतीप्रमाणे विवाहाच्या नोंदीत पेशा लिहावा लागे. तरुणाने 'प्रोग्रॅमर' असे लिहून दिले. नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांनी ते मान्य केले नाही, कारण असा कुठलाही पेशा त्यांच्या लेखी अस्तित्वातच नव्हता. गंमत म्हणजे हा गृहस्थ तेव्हा पाच वर्षे नेमके तेच काम करून पगार घेत होता. अखेर 'सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ' अशी नोंद झाली आणि लग्न पार पडले. एड्सगर डायक्स्ट्रा हे त्या नवरदेवाचे नाव. आडनावाच्या स्पेलिंगमध्ये 'जे' हे अक्षर आहे. डच उच्चारात ते ज होऊन येत नाही, त्यामुळे हे नाव वाचताना नवखा माणूस हमखास अडखळतो. संगणकशास्त्र शिकणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला कधी ना कधी या नावाशी झटापट करावी लागतेच.

आज प्रोग्रॅमर म्हणजे कोण, हे कुणाला सांगावे लागत नाही. पण प्रोग्रॅम लिहिणाऱ्या माणसाने स्वतःकडे कसे पाहावे, तो कारागीर की गणिती, जुगाडू की अभियंता, हा वाद अजून मिटलेला नाही. तो वाद सुरू करणाऱ्यांत आणि आयुष्यभर पेटता ठेवणाऱ्यांत डायक्स्ट्रा आघाडीवर होते.

त्यांचा जन्म ११ मे १९३० रोजी रॉटरडॅमला झाला. वडील रसायनशास्त्राचे शिक्षक, आई गणितातली जाणकार. आईने कधी नोकरी केली नाही, पण मुलाच्या विचारांवर तिचा ठसा मोठा होता. गणित अवघड असते का, असे एकदा छोट्या एड्सगरने विचारले तेव्हा तिने सांगितले की सूत्रे नीट शिकून घे, आणि एखादी गोष्ट सिद्ध करायला पाचपेक्षा जास्त ओळी लागायला लागल्या तर आपण चुकीच्या वाटेवर आहोत असे समज. हा धडा मुलाने जन्मभर पाळला. त्याच्या दहाव्या वाढदिवसानंतर तीनच दिवसांनी जर्मन विमानांनी रॉटरडॅमवर बॉम्बफेक केली आणि शहराचा मध्यभाग बेचिराख झाला.

शाळा संपताना त्याच्या मनात कायदा शिकून संयुक्त राष्ट्रांत देशाचे प्रतिनिधित्व करण्याचा विचार होता. पण विज्ञानातले गुण इतके चांगले होते की तो लायडन विद्यापीठात गणित आणि भौतिकशास्त्राकडे वळला. १९५१ मध्ये वडिलांच्या नजरेस एक जाहिरात पडली. इंग्लंडमध्ये केंब्रिजला 'एडसॅक' नावाचा संगणक होता आणि त्यावर प्रोग्रॅम कसे लिहायचे याचा तीन आठवड्यांचा वर्ग भरणार होता. भौतिकशास्त्रात आकडेमोड लागतेच, तर शिकून घ्यावे, एवढ्या माफक हेतूने एड्सगर गेला. परत आल्यावर ॲम्स्टरडॅमच्या मॅथेमॅटिकल सेंटरचे आद्रियान व्हान वाइनगार्डन यांनी त्याला कामावर घेतले. मार्च १९५२ पासून डायक्स्ट्रा नेदरलँड्सचे पहिले पगारी प्रोग्रॅमर झाले.

या नोकरीत एक विचित्र अडचण होती: संगणक तयारच नव्हता. 'आरा' नावाचे यंत्र बांधले जात होते आणि ते भरवशाचे नव्हते. त्याच्या उद्घाटनाला पाहुण्यांसमोर यादृच्छिक, म्हणजे कसलाही क्रम नसलेल्या, आकड्यांचा तक्ता छापण्याचे काम त्याला देण्यात आले. चूक झाली तरी कुणाला कळणार नाही, अशी सोय त्यात होती! ब्राम लूप्स्ट्रा आणि कारेल शोल्टेन हे सहकारी यंत्र बांधत आणि डायक्स्ट्रा त्याच वेळी, अजून न जन्मलेल्या यंत्रासाठी कागदावर प्रोग्रॅम लिहीत. पुढच्या यंत्रांच्या बाबतीतही हेच घडत गेले.

इथे थोडे थांबायला हवे, कारण या माणसाची पुढची सगळी जडणघडण या अडचणीतून झाली. यंत्र हाताशी असले की माणूस करून बघतो. चुकले तर दुरुस्त करतो, पुन्हा चालवतो. यंत्र नसेल तर एकच मार्ग उरतो: लिहिलेली प्रत्येक ओळ बरोबर आहे याची खात्री डोक्यात करून घेणे. डायक्स्ट्रांना ही सवय इतकी मुरली की पुढे यंत्रे मुबलक झाली तरी ती सुटली नाही. त्याच दशकाच्या अखेरीला अमेरिकेत एमआयटीमध्ये अगदी उलट सवयीची मुले घडत होती. खेळण्यातल्या रेल्वेच्या क्लबमधून आलेली ही मुले रात्र रात्र संगणकापुढे बसत, त्याच्याशी झोंबत, दोन सूचना वाचवणारी एखादी युक्ती सापडली की हरखून जात. ती स्वतःला हॅकर म्हणवत. तेव्हा या शब्दाला चोरीचा वास नव्हता. यंत्राशी अतिपरिचय हीच त्यांची प्रतिष्ठा. ॲम्स्टरडॅमच्या तरुणाची प्रतिष्ठा यंत्रापासून दूर बसण्यात होती. दोघेही प्रोग्रॅमच लिहीत होते, पण वेगवेगळ्या सवयींमधून दोन वेगळे स्वभाव घडत गेले.

तीन वर्षे हे काम केल्यावर १९५५ मध्ये डायक्स्ट्रांना प्रश्न पडला की हे करून आपण नक्की कोण होणार? यंत्र बांधणाऱ्या सहकाऱ्यांना कुणी विचारले तर ते निर्वाततंत्र, नळ्या, मंडले यांचे ज्ञान पुढे करू शकत. प्रोग्रॅमरने काय दाखवायचे? या कामामागे मान्यताप्राप्त विद्या म्हणावी असे काहीच नव्हते. लायडनमधले भौतिकशास्त्र आणि ॲम्स्टरडॅममधले प्रोग्रॅमिंग या दोन होड्यांत पाय ठेवणे अशक्य होत चालले होते. त्यांनी व्हान वाइनगार्डन यांच्या खोलीचे दार ठोठावले आणि मन मोकळे केले. वाइनगार्डन यांनी शांतपणे ऐकून घेतले. ही विद्या अजून नाही हे त्यांनी कबूल केले, पण संगणक आता जाणार नाहीत आणि ती विद्या उभी करणाऱ्यांपैकी एक तूच का नसावास, असे सुचवले. डायक्स्ट्रा त्या खोलीतून बाहेर पडले ते निर्णय घेऊनच. लायडनची पदवी त्यांनी उरकली आणि प्रोग्रॅमिंग हेच आयुष्याचे काम मानले. नगरपालिकेने दोन वर्षांनी नाकारलेला शब्द असा कमावलेला होता.

१९५६ मध्ये 'आरमॅक' या नव्या यंत्राचे प्रात्यक्षिक करायचे होते. सामान्य लोकांना समजेल असा प्रश्न हवा होता. एका सकाळी खरेदीला गेलेले डायक्स्ट्रा आणि त्यांची वाग्दत्त वधू रिया देबेट्स दमून एका कॅफेच्या अंगणात कॉफी घेत बसले होते. रिया मॅथेमॅटिकल सेंटरमध्येच कामाला होती. एका गावाहून दुसऱ्या गावाला जाण्याचा सर्वांत जवळचा रस्ता कसा शोधावा, याची रीत डायक्स्ट्रांना तिथे बसल्या बसल्या सुमारे वीस मिनिटांत सुचली. कागद-पेन्सिल नव्हती. ते नसल्यामुळेच गुंतागुंत टाळावी लागली आणि रीत सोपी झाली, असे ते पुढे सांगत.

रीत खरोखरच सोपी आहे. निघण्याच्या गावाचे अंतर शून्य धरायचे. तिथून थेट जाता येणाऱ्या गावांची अंतरे मांडायची आणि त्यातले सर्वांत जवळचे गाव पक्के करायचे. त्याहून कमी अंतराची वाट आता निघूच शकत नाही. मग त्या पक्क्या गावातून पुढच्या गावांची अंतरे सुधारायची, उरलेल्यांतले सर्वांत जवळचे पुन्हा पक्के करायचे. असे करत मुक्कामाचे गाव पक्के झाले की संपले. प्रात्यक्षिकासाठी नेदरलँड्समधली ६४ गावे घेतली होती. १९५९ मध्ये हा लेख प्रसिद्ध झाला तेव्हा त्याची पाने भरली तीन. आज मोबाइलवरचा नकाशा रस्ता सुचवतो किंवा इंटरनेटवरून एखादा संदेश वाट काढत जातो, त्यामागे याच रीतीच्या सुधारलेल्या आवृत्त्या असतात.

पण डायक्स्ट्रांचा खरा घाम निघाला तो दुसरीकडे. 'एक्स-१' या पुढच्या यंत्रात सहकाऱ्यांनी एक नवी सोय सुचवली. छपाईयंत्रासारखे एखादे संथ उपकरण मोकळे झाले की त्याने मुख्य संगणकाला मधेच थांबवून हाक मारायची. वेळ वाचणार होता. डायक्स्ट्रा मात्र हादरले. हाक नेमकी कोणत्या क्षणी येईल ते सांगता येणार नाही. म्हणजे तोच प्रोग्रॅम दोनदा चालवला तर दोन्ही वेळा गोष्टी वेगळ्या क्रमाने घडणार. एखादी चूक हजार वेळांतून एकदाच उगवणार आणि शोधायला गेले की गायब होणार. काही महिने त्यांनी होकार दिला नाही. शेवटी तयार झाले आणि अशा हाका बिनचूक हाताळण्याची पद्धत त्यांनी बसवली. १९५९ चा त्यांचा पीएच.डी.चा प्रबंध याच कामावर आहे.

त्यानंतर याप झोनेफेल्ड यांच्या जोडीने त्यांनी 'अल्गोल ६०' या नव्या संगणकभाषेचा भाषांतरक, म्हणजे कंपायलर, लिहिला. जगातल्या अशा पहिल्या काही कंपायलरांपैकी तो एक होता आणि ऑगस्ट १९६० मध्ये तो चालू झाला. काम पुरे होईपर्यंत दाढी करायची नाही असे दोघांनी ठरवले होते, अशी आठवण सांगतात. झोनेफेल्ड यांनी नंतर दाढी उतरवली. डायक्स्ट्रांची राहिली ती कायमची.

१९६२ मध्ये ते आइंडहोव्हनच्या तंत्रविद्यापीठात गणिताचे प्राध्यापक झाले. तिथे सहा जणांच्या चमूने एकाच संगणकावर अनेक कामे एकाच वेळी चालवणारी प्रणाली बांधली. आपल्या डोक्याला एका वेळी फार थोडे पेलते, हे गृहीत धरून त्यांनी ती थरांमध्ये रचली. प्रत्येक थर आधी सिद्ध करायचा, मग त्यावर पुढचा चढवायचा. दोन कामांनी एकाच वेळी एकाच गोष्टीला हात घालू नये म्हणून त्यांनी 'सेमाफोर' ही कल्पना आणली. नाव रेल्वेच्या सिग्नलवरून घेतलेले. एकेरी रुळावर एक गाडी शिरली की सिग्नल पडतो, दुसरी बाहेर थांबते आणि पहिली निघून गेल्यावरच आत येते. तपासणीत या प्रणालीत किरकोळ लेखनचुकाच सापडल्या, याचा त्यांना सार्थ अभिमान होता.

विभागातल्या गणितज्ञांना मात्र हे गणित वाटत नव्हते. चमू विखुरला. ज्या कामासाठी भौतिकशास्त्र सोडले ते काम स्वतःच्या विभागातच परके ठरल्याचा घाव खोल बसला आणि डायक्स्ट्रांना नैराश्याने गाठले. यशस्वी माणसांच्या चरित्रांत अशी पाने सहसा गाळली जातात. डायक्स्ट्रांनी पुढे ती लिहून ठेवली, हे बरे झाले. त्या अंधारातून ते बाहेर आले ते लिहीत लिहीत. प्रोग्रॅम नीट रचावा कसा यावरचे एक मोठे टिपण त्यांनी या काळात लिहिले आणि ते लिहिणे हेच आपले औषध ठरले, असे त्यांचे सांगणे होते. छापण्याचा विचार नव्हता. मित्रांना काही प्रती धाडल्या. मित्रांनी आणखी प्रती काढल्या आणि बघता बघता ते टिपण जगभर पोचले. 'स्ट्रक्चर्ड प्रोग्रॅमिंग' हा शब्दप्रयोग तिथून रूढ झाला. १९७२ मध्ये याच नावाच्या पुस्तकात ते समाविष्ट झाले.

त्याआधी, मार्च १९६८ मध्ये, त्यांच्या एका छोट्या पत्राने वादळ उठवले होते. तेव्हाच्या प्रोग्रॅममध्ये 'गो टू' नावाची सूचना सर्रास वापरत. इथून उठ आणि थेट अमक्या ओळीवर उडी मार, असा तिचा अर्थ. अशा उड्यांनी भरलेला प्रोग्रॅम वाचताना माणूस हरवतो. एखाद्या क्षणी यंत्र कुठवर आले आहे आणि तिथे काय खरे आहे, हे सांगता येत नाही. म्हणून ही सूचना प्रगत भाषांतून काढूनच टाकावी, असे त्यांनी मांडले. पत्राला दिलेला सौम्य मथळा संपादक निकलाउस विर्थ यांनी बदलला आणि 'गो टू' अपायकारक असल्याचे थेट जाहीर करून टाकले. मग काय, संतापाची लाट आली. प्रोग्रॅमरांना तो व्यक्तिगत हल्ला वाटला आणि एका अर्थी तो होताच. उड्यांच्या खुब्या माहीत असणे यातच अनेकांची हुशारी सामावलेली होती. डोनाल्ड नुथ यांच्यासारख्या दिग्गजाने १९७४ मध्ये सविस्तर लेख लिहून काही ठिकाणी 'गो टू' कसे योग्य ठरते ते दाखवले. आजच्या बहुतेक भाषांत ही सूचना एक तर नाहीच किंवा अडगळीत पडलेली आहे.

१९७२ मध्ये त्यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. त्या वेळच्या भाषणात त्यांनी लग्नाच्या नोंदवहीचा किस्सा सांगितला आणि नम्र प्रोग्रॅमरची कल्पना मांडली. आपली कवटी लहान आहे याची जाणीव असलेला, म्हणून चलाख युक्त्यांपासून चार हात दूर राहणारा. तपासण्यांनी चुका आहेत एवढेच कळते, चुका नाहीत हे कधीच सिद्ध होत नाही, हा त्यांचा आवडता मुद्दा होता.

नम्रतेचा हा पुरस्कर्ता स्वतः मात्र अजिबात नम्र नव्हता. इतरांच्या व्याख्यानांत ते टोकदार प्रश्न विचारत. बेसिक ही भाषा आधी शिकलेल्या विद्यार्थ्याला चांगले प्रोग्रॅमिंग शिकवणे जवळजवळ अशक्य, असे त्यांनी १९७५ मध्ये लिहून टाकले. ते अर्थातच चुकीचे ठरले. बेसिकवर हात बसवलेल्या कितीतरी मुलांनी पुढे उत्तम काम केले. अमेरिकी संगणकतज्ज्ञ ॲलन के यांनी तर उद्धटपणा मोजण्याचे एकक म्हणून डायक्स्ट्रांचे नाव सुचवून हशा मिळवला.

१९७३ मध्ये त्यांनी पूर्णवेळ प्राध्यापकी सोडली आणि बरोज या संगणक कंपनीचे संशोधक म्हणून न्यूनेन या खेड्यातल्या घरीच काम करू लागले. व्हान गॉगने बटाटे खाणाऱ्या शेतकऱ्यांचे चित्र रंगवले तेच हे गाव. विद्यापीठात ते मंगळवारी दुपारी जात आणि मोजक्या सहकाऱ्यांबरोबर एखादा लेख ओळीओळीने वाचत. बाकी वेळ फाउंटन पेन आणि कागद. प्रत्येक टिपणाला ते आपली आद्याक्षरे आणि क्रमांक देत, झेरॉक्स काढून काही जणांना टपालाने पाठवत आणि ते पुढे पाठवत. अशी तेराशेहून अधिक टिपणे झाली. घरी दूरचित्रवाणी संच नव्हता, पियानो होता आणि मोझार्ट होता. संगणकही बरीच वर्षे नव्हता. पुढे एक मॅकिंटॉश आला, तो मुख्यतः ईमेलपुरता. त्यांच्या सुबक हस्ताक्षरावर भाळून लुका कार्देली या संगणकशास्त्रज्ञाने त्याचा संगणकीय टाइप बनवला.

१९८४ मध्ये ते अमेरिकेत ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठात गेले. तिथे १९८८ मध्ये त्यांनी अध्यापनाबद्दल एक टोकाची सूचना केली. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रोग्रॅम संगणकावर चालवूच देऊ नये. त्यांनी तो कागदावर, सिद्धतेसह लिहावा. शिवाय प्रोग्रॅममधल्या दोषाला 'बग' म्हणणे बंद करावे. किडा आपोआप आत शिरतो, त्यात कुणाचा दोष नसतो. चूक मात्र कुणीतरी केलेली असते. शब्द बदलला की जबाबदारी कुणाची ते स्पष्ट होते, असा त्यांचा दावा. अनेक अध्यापकांनी हे वेडगळ ठरवले आणि बहुतेक कुठे ते अमलात आले नाही.

पण शब्दांचा हा किस पाडण्यामागे काय होते, ते त्याच टेक्सास राज्यात त्याआधी दोन वर्षे दिसले होते. टायलर शहरात कर्करोगावर किरणोपचार करणारे 'थेरॅक-२५' नावाचे यंत्र होते. जुन्या यंत्रांत मात्रा हाताबाहेर जाऊ नये म्हणून यांत्रिक अटकाव असत. या यंत्रात ते काढून बरीचशी सुरक्षा प्रोग्रॅमवर सोपवली होती. चालवणाऱ्या व्यक्तीने उपचाराचा प्रकार चुकीचा टंकून तो काही सेकंदांत, सराईत वेगाने दुरुस्त केला तर पडद्यावर नवी नोंद दिसे, पण यंत्राची आतली मांडणी जुनीच राही. एकाच वेळी चालणाऱ्या दोन कामांचा ताळमेळ तिथे सुटत होता. सावकाश टंकले तर काहीच बिघडत नसे, त्यामुळे तक्रारीनंतर तपासायला आलेल्यांना दोष सापडेना. १९८६ च्या मार्च आणि एप्रिलमध्ये दोन रुग्णांना प्रचंड मात्रा बसली आणि दोघेही दगावले. अमेरिका आणि कॅनडात मिळून १९८५ ते १९८७ या काळात असे सहा अपघात झाले. हजारातून एकदाच उगवणारी आणि शोधायला गेले की गायब होणारी चूक, ही एक्स-१ च्या वेळची धास्ती आता इस्पितळात पोचली होती.

डायक्स्ट्रांना अगदीच कोरडा संन्यासी समजण्याचे कारण नाही. फोक्सवॅगनच्या बसमधून ते आणि रिया अमेरिकेतली राष्ट्रीय उद्याने पालथी घालत. बसचे नाव त्यांनी 'टूरिंग मशीन' ठेवले होते. ट्युरिंगच्या नावावरची ही कोटी त्यांना मनापासून आवडे.

१९९९ च्या अखेरीस ते निवृत्त झाले. २००२ च्या सुरुवातीला कर्करोगाचे निदान झाल्यावर पती-पत्नी न्यूनेनच्या घरी परतले. त्यांच्या शेवटच्या टिपणावर एप्रिल २००२ ही तारीख आणि १३१८ हा क्रमांक आहे. ६ ऑगस्ट २००२ रोजी वयाच्या ७२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. एकाच वेळी चालणाऱ्या कामांवर मूलभूत संशोधन करणाऱ्यांसाठीचा पुरस्कार त्याच वर्षी त्यांच्या १९७४ मधल्या दोन पानी लेखाला मिळाला होता. पुढच्या वर्षीपासून तो त्यांच्याच नावाने दिला जातो.